मोमाच्या तळघरात, काकांबरोबर

सिनेमा ऐन रंगात आला होता आणि काकांनी माझं कोपर दाबलं. “उजव्या कोपऱ्यात वर बघ. ठिपका.” मी नजर वळवेपर्यंत तो गेलासुद्धा. सात-आठ सेकंदांनी दुसरा आला, तो मात्र मला दिसला, आणि त्याच क्षणी एका प्रोजेक्टर मशीनवरचं रीळ संपून दुसऱ्या मशीनवरचं सुरू झालं. हे मला काकांनी सांगितलं म्हणून कळलं, पडद्यावर तर काहीच हललं नव्हतं. पहिला ठिपका दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायला, दुसरा प्रत्यक्ष बदल करायला. प्रत्येक ठिपका फक्त चार फ्रेमपुरता असतो, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. काकांनी कोल्हापुरात सव्वीस वर्षं ऑपरेटर म्हणून हेच ठिपके पाहिले. बाकीचा सिनेमा त्यांनी केबिनच्या चौकोनी खिडकीतून तुकड्यातुकड्यांत पाहिला.

नातीच्या बारशासाठी ते जानेवारीत न्यू जर्सीला आले होते. त्यांना टाइम्स स्क्वेअर दाखवावा असं सगळ्यांचं म्हणणं. मी मात्र त्यांना म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे मोमामध्ये न्यायचं ठरवलं. तिथे दर जानेवारीत ‘टू सेव्ह अँड प्रोजेक्ट’ हा महोत्सव भरतो. जगभरातल्या संग्रहालयांनी वाचवलेले जुने चित्रपट त्यात दाखवतात आणि ज्यांनी ते वाचवले ती माणसं कधी आधी, कधी नंतर बोलतात. २००३ पासून हे चालू आहे.

जायचं कसं ते आधी सांगते. एडिसन किंवा मेट्रोपार्कहून गाडी पकडून पेन स्टेशन गाठायचं. तिथून ई लाइनची सबवे घेऊन ‘फिफ्थ ॲव्हेन्यू–५३ स्ट्रीट’ला उतरायचं. वर आलात की पाच मिनिटांत दारात. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंगच्या पैशात दोन सिनेमे होतात.

दालनांचं तिकीट सध्या ३० डॉलर आहे, ६५ वर्षांवरच्यांना २२, सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना काही नाही. ज्येष्ठांसाठी वयाचा पुरावा जवळ ठेवा, पासपोर्टची प्रत फोनमध्ये असली तरी बरं. नुसता सिनेमा पाहायचा असेल तर त्याचं तिकीट वेगळं मिळतं आणि बरंच स्वस्त पडतं. दालनांच्या तिकिटात सिनेमा येतो, पण त्या खेळाचा पास खिडकीवरून वेगळा घ्यावा लागतो. आत शिरल्याबरोबर तो घेऊन टाका, मग चित्रं बघा. शुक्रवार संध्याकाळचा फुकट प्रवेश न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांसाठी आहे, आपल्या न्यू जर्सीच्या पत्त्यावर तो मिळत नाही. दोनतीन ओळखीचे लोक दारातून परत आलेत, म्हणून मुद्दाम सांगते.

आमची एक चूक झाली. काकांचं स्वेटर, औषधं, पाणी, खाकरे असं सगळं मी एका मोठ्या सॅकमध्ये कोंबलं होतं. मोठी बॅग आत नेता येत नाही, ती कोटांबरोबर खाली जमा करावी लागते, आणि थंडीत त्या रांगेत सगळं न्यूयॉर्क उभं असतं. सुरुवातीचं निवेदन आमचं हुकलं. औषधं खिशात ठेवा आणि खेळाच्या निदान पाऊण तास आधी पोहोचा. थिएटरात खाणंपिणं चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

दालनं आम्ही भरभर पाहिली. पाचव्या मजल्यावर व्हॅन गॉगच्या तारांकित रात्रीसमोर फोन उंचावलेली गर्दी होती. काका तिथे थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, “चल खाली, जागा धरू.”

थिएटरं खाली तळघरात आहेत, टायटस १ आणि टायटस २. आमचा खेळ १९३०च्या दशकातल्या एका अमेरिकी बोलपटाचा, ३५ एमएमच्या, म्हणजे ३५ मिलिमीटर रुंद फिल्मच्या प्रिंटवर. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक चित्रपटापुढे तो फिल्मवर आहे की डिजिटल ते छापलेलं असतं. निवडता आलं तर फिल्मवरचा निवडा. घरातले म्हातारे सोबत असतील तर नक्कीच.

चर्चा सिनेमा संपल्यावर होती. निम्मे लोक कोट चढवून निघाले. कृपा करून निघू नका. ज्या बाईंनी प्रिंट तयार केली होती त्यांनी एकाच फ्रेमचे दोन फोटो शेजारी शेजारी दाखवले, एक ओरखड्यांनी भरलेला, एक स्वच्छ. कोणतं रीळ कुठे सापडलं, कोणता तुकडा दुसऱ्या प्रतीतून जोडावा लागला, हे त्या इतक्या जिव्हाळ्याने सांगत होत्या की मी वहीत लिहायचं विसरले. मग प्रश्न सुरू झाले आणि काकांनी हात वर केला. त्यांनी मराठीत विचारलं, मी इंग्रजीत सांगितलं. “आमच्याकडं गोदामात डबा उघडला की आंबट वास यायचा. रीळ वाकडं झालेलं असायचं, मशीनच्या दात्यावर बसायचं न्हाई. त्याला तुम्ही काय करता?”

बाईंचा चेहरा उजळला. तो ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकवर बनलेल्या फिल्मचा रोग आहे, त्या म्हणाल्या, फिल्मच व्हिनेगरमधलं आम्ल सोडू लागते. तो उलटवता येत नाही, फक्त थंड आणि कोरड्या हवेत ठेवून लांबवता येतो, आणि फिल्म फार आक्रसण्याआधी तिची नक्कल करून घ्यावी लागते. मोमाची थंड कोठारं पेनसिल्व्हेनियात हॅमलिनला आहेत. संग्रहात तीस हजारांहून जास्त चित्रपट आहेत. १९३५ मध्ये इथे फिल्म लायब्ररी सुरू झाली आणि तिच्या पहिल्या क्युरेटर आयरिस बॅरी यांनी स्टुडिओंकडून प्रती मिळवायला सुरुवात केली, तेव्हा खेळ संपलेल्या सिनेमाला कोणी विचारत नव्हतं.

आपल्या माणसांनी आणखी एका कारणासाठी इथे यावं. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चा जगातला पहिला खेळ मोमानेच केला, ३ मे १९५५ ला, भारतीय वस्त्रकलेच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने. प्रिंट कशीबशी वेळेत पोहोचली, तिला इंग्रजी उपशीर्षकंही नव्हती. कोलकात्यात तो लागला त्यानंतर, ऑगस्टमध्ये. पुढे १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेला आग लागून त्याची मूळ निगेटिव्ह होरपळली. ती दुरुस्त करून सिनेमा पुन्हा उभा केला, तोही २०१५ च्या मे महिन्यात इथेच दाखवला. त्याच वर्षी मोमा आणि लिंकन सेंटरच्या नवोदितांच्या महोत्सवात आपला ‘कोर्ट’ होता, आणि २०२५ मध्ये ‘साबर बोंडं’. हा महोत्सव वसंतात असतो. मराठी सिनेमा लागला तर चर्चेला थांबा आणि प्रश्न विचारा.

बाहेर आलो तेव्हा भूक लागली होती. ५३वा रस्ता आणि सहावा ॲव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर खाण्याच्या गाड्या लागतात. काकांचा शनिवार होता, म्हणून आम्ही फलाफल आणि भात घेतला. तिखट सॉस खरंच तिखट आहे, आधी थोडाच मागा.

खाताना काका गप्प होते. मग म्हणाले, “बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ आमच्या गावात झाला. पंचवीस सालचा. मूकपट. एक प्रत न्हाई राहिली. आपल्याकडं जुनी रिळं चांदी काढायला विकली गं.” भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यातले तीसेकच आज उरलेत, तेही पुष्कळ अर्धवट. पुण्याला १९६४ मध्ये फिल्म संग्रहालय निघालं तोवर बहुतेक गेले होते. मी हे वाचलं होतं. काकांनी त्या गोदामांचा वास घेतला होता.

मेट्रोपार्कपर्यंत ते जागेच होते. मी उतरायची तयारी करू लागले तेव्हा त्यांनी खिशातून घडी घातलेली कार्यक्रमपत्रिका काढली आणि बोटाने ३५ एमएम लिहिलेल्या ओळी शोधू लागले.

“बुधवारी तुला सुट्टी हाय काय?”