महाशिवरात्रीला बंद पडलेली चॅनल

१८ फेब्रुवारी २०२३. शनिवार, त्यात महाशिवरात्र. कराडजवळच्या आमच्या भागात मी केबल चालवतो. त्या दिवशी फोन खाली ठेवायला उसंत मिळाली नाही. दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी चालू आणि माझ्या ग्राहकांच्या टीव्हीवर मॅच नाही, घरातल्यांच्या मराठी मालिकाही नाहीत.

भांडण वरचं होतं. ट्राय म्हणजे केबल-टीव्हीवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण. त्याच्या नव्या नियमात पॅकमध्ये घालायच्या चॅनलची कमाल किंमत १९ रुपये ठरली आणि ब्रॉडकास्टरांनी, म्हणजे चॅनलच्या मालक कंपन्यांनी, नवे दर पुढे केले. आमच्या एमएसओने, म्हणजे ज्या मोठ्या केबल कंपनीकडून मी सिग्नल घेतो तिने, सही केली नाही, म्हणून डिस्ने स्टार, झी आणि सोनी या तीन बड्या ब्रॉडकास्टरांनी सिग्नल तोडला. देशात बऱ्याच ठिकाणी असंच झालं. डिशवाल्यांकडे मात्र सगळं चालू.

दुपारी एका मावशींनी दारातच अडवलं. "भाऊ, पैसे एक तारखेला दिलेत. मग चॅनल का काढलीस?" मी बिल काढून दाखवलं. नेटवर्कचे १३०, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे; चॅनलचे पैसे वेगळे. त्या १३० मध्ये माझा वाटा ४५ टक्के, म्हणजे साडेअठ्ठावन्न रुपये. वायर, वीज, अँप्लिफायरची दुरुस्ती आणि लाइनमनचा पगार त्यातूनच निघतो. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुझ्या हातात काहीच नाही," म्हणाल्या. खरंच नव्हतं.

थोड्या दिवसांत करार झाले, चॅनल परत आली. तोवर काही घरांवर डिश बसल्या होत्या. लाइनमनला पगारवाढ कबूल केली होती, ती पुढे ढकलली. भर पावसात खांबावर चढणारा पोरगा तो. त्याला नाही म्हणताना फार जड गेलं.

पण तेव्हा ते तिघे निदान एकमेकांचे स्पर्धक होते. सिग्नल बंद राहिला की प्रत्येकाचा टीआरपी पडतो, जाहिरात बुडते आणि जो आधी तडजोड करेल त्याचा फायदा. ही भीती आमच्या कामी यायची.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या तिघांतली डिस्ने स्टार आणि कलर्स, जिओसिनेमावाली व्हायकॉम१८ एक झाले. व्यवहार ७०,३५२ कोटींचा. खर्च वाचेल, ग्राहकाला स्वस्त पडेल, असं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. २०२३ आणि २०२४ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती, कारण टीव्हीचे हक्क समोरच्याकडे, म्हणजे डिस्ने स्टारकडे होते आणि प्रेक्षक खेचायचा होता. विलीनीकरणानंतर २०२५ मध्ये दोघांच्या एकत्र ॲपवर, जिओहॉटस्टारवर, तीन महिन्यांचे १४९ रुपयांपासून दर लागले. कुणाला जिओच्या रिचार्जसोबत मिळालं असेल, पण रिचार्जलाही पैसे पडतातच.

पगाराचंही तेच. शेजाऱ्यांचा मुलगा मुंबईत प्रोमो एडिट करतो. दर ठरवताना "तिकडे जास्त देतायत" एवढं म्हटलं तरी आकडा हलायचा, असं तो सांगतो. आता बरेच 'तिकडे' एकाच घरात गेले. स्पर्धा आयोगाने मंजुरी देताना अटी घातल्या. क्रिकेटसाठी टीव्ही आणि ओटीटीच्या (मोबाइल ॲपवरच्या) जाहिराती एकत्र बांधून विकायच्या नाहीत, ही त्यातली एक. जाहिरातदाराची काळजी घेतली हे चांगलंच झालं. पण मी वाचलेल्या अटींत एडिटरच्या मानधनाचा किंवा लाइनमनच्या पगाराचा विषय कुठे आला नाही. तो यायला हवा होता.

आयपीएलआधी या एकत्र कंपनीचा नवा दर आला की एमएसओने अडून बसायचं तरी कशाच्या जोरावर? टीव्हीवरची मॅच त्यांचीच, मोबाइलवरचीही त्यांचीच.