आजोबांची मुंबय आणि चवथीची गाडी

परवा गोव्यात माशेलच्या घरी माळ्यावर साफसफाई करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि मग सगळी दुपार त्यातच गेली. आत फार काही नव्हतं, पण बाबा ओसरीवर बसून बोलायला लागले. त्यांच्याकडून ऐकलेलं आणि मी गेली काही वर्षं वाचत आलोय ते असं सगळं एकत्र लिहून ठेवावं असं वाटलं.

आजोबा १९२६ सालचा पाऊस संपल्यावर पणजीहून बोटीने मुंबईला गेले, वय वर्षं चौदा. पावसात बोटी बंद असायच्या, त्यामुळे गोव्यातून पोटापाण्यासाठी जाणारी पोरं अशीच पावसानंतर निघायची. रेल्वे आपल्याकडे होती, मुरगावचं बंदर आणि सीमेवरच्या कॅसलरॉकपर्यंतचा रूळ इंग्रजांच्या पैशातून १८८०च्या दशकातच झाला होता, पण गावातल्या पोराला नोकरी मुरगावात नाही, मुंबईत मिळायची. का, तर त्या वर्षांत ते शहर जे काही करत होतं ते बघितलं की कळतं.

गेटवे ऑफ इंडिया आजोबा पोचले तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता, ४ डिसेंबर १९२४ला व्हॉइसरॉय लॉर्ड रीडिंगनी त्याचं उद्घाटन केलं होतं. त्यावरच्या दगडात मात्र तारीख आहे २ डिसेंबर १९११ची, राजा पंचम जॉर्ज उतरला तो दिवस. पैसे संपले म्हणून समोरून येणारा सरळ रस्ता झालाच नाही, आणि आजही आपण त्याच्याकडे तिरकेच चालत जातो. पण मला विचाराल तर त्या कमानीपेक्षा खूप मोठी गोष्ट म्हणजे ३ फेब्रुवारी १९२५, त्या दिवशी व्हीटीहून कुर्ल्याला हार्बरच्या रुळावरून देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. आणि १५ जुलै १९२६ला पहिली बस, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. म्हणजे आजोबा गेले तेव्हा मुंबईत बस सुरू होऊन फक्त काही महिने झाले होते! ते पहिले सहा महिने बसमध्ये चढले नाहीत, गिरगावच्या खानावळीपासून फोर्टातल्या पेढीपर्यंत चालतच जायचे, वाचलेले आणे घरी पाठवायचे.

आता बॅक बे, म्हणजे मरीन ड्राइव्हसमोरचा समुद्र. हे प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. गव्हर्नर लॉइडच्या काळात १९२० साली ठरलं की समुद्र भरून ११४५ एकर जमीन काढायची, आठ ब्लॉकमध्ये. भिंत बांधली, ड्रेजरने गाळ उपसून आत टाकला, आणि तो गाळ भिंतीच्या फटींतून परत समुद्रात जायला लागला. खर्च वाढत गेला, लोकांचा पैसा पाण्यात, शब्दशः. हे सगळं चव्हाट्यावर आणलं ते के. एफ. नरिमन या वकिलाने, त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. शेवटी साधारण ४४० एकरच झाली, त्यातूनच मरीन ड्राइव्ह. नरिमन पॉइंटवर फिरताना कितीजणांना हे माहीत असतं कोण जाणे, पण एका माणसाने सरकारला हिशोब मागितला हे त्या नावात आहे आणि ते लक्षात ठेवायला हवं.

बॅक बेचं काम करणाऱ्या त्याच सरकारी खात्याने, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, गिरणी कामगारांसाठी चाळी बांधल्या, वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी, मिळून २०७ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, मधून पॅसेज, एकेका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फूट, संडास सामायिक. सुरुवातीला भाडं जास्त आणि सोयी कमी म्हणून बऱ्याच रिकाम्याच राहिल्या, वरळीच्या चाळी तर सत्याग्रहात कैदी ठेवायला वापरल्या. आजोबांनी पुढे नायगावला खोली घेतली, गावातल्या आणखी चौघांबरोबर.

आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी! चवथ पावसात, बोटी बंद, म्हणजे रेल्वेशिवाय इलाज नाही. नोव्हेंबर १९२९ला पुण्यापर्यंतची रेल्वे विजेवर आली, त्याआधी बोरघाटात गाडीला रिव्हर्सिंगच्या स्टेशनावर थांबून उलट्या दिशेने निघावं लागायचं, ते नव्या मार्गाने बंद झालं. १ जून १९३०ला डेक्कन क्वीनही आली. आमच्या घरी ही वर्षं कुणी विसरत नाही, कारण आजी म्हणायची की त्यानंतर चवथीला येणारं माणूस कोळशाच्या धुराने कमी काळं होऊन यायचं! पुण्याला मात्र उतरून मीटरगेजच्या गाडीत बसायचं, मिरज, लोंढा, कॅसलरॉकला इंग्रजी कस्टम, मग दूधसागर, मग कुळ्याला पोर्तुगीज कस्टम. तिथे शिपाई ट्रंक उघडून आत हात घालायचा आणि आईसाठी घडी घालून ठेवलेलं नऊवारी लुगडं विस्कटून टाकायचा, आणि आजोबा फलाटावर बसून ते परत जसंच्या तसं घडी करायचे. बाबांनी ती घडी मला करून दाखवली, आजोबांनीच शिकवलेली, पदर आतल्या बाजूला.

१४ मार्च १९३१ला गिरगावात मॅजेस्टिकला पहिला बोलपट लागला तो आजोबांनी पाहिला, असं बाबा म्हणतात. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ, आपली केवढी माणसं त्याच काळात त्याच शहरात गात होती. मुंबई वाढली ती आपल्या माणसांना घेऊनच वाढली, आणि म्हणून तिच्या त्या वर्षांचा इतिहास मी गोव्याचाच समजतो.

ट्रंक परत ठेवायच्या आधी मी टेप आणून ओसरी मोजली. चौदा बाय बारा, १६८ चौरस फूट, आजोबांच्या नायगावच्या खोलीपेक्षा आठ फूट जास्त. इथे चवथीला आमची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधतात आणि खाली दहा माणसं दाटीवाटीने बसतात. बाबा म्हणाले, तिकडे पाच झोपायची, आणि गावातून सहावा आला की दार उघडं ठेवून पाय पॅसेजमध्ये.