घरातला माणूस आणि खुर्चीतला माणूस

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीने विषयही सुचवला: विद्यापीठातली तुमची नोकरी. आपल्या शाळेतून गेलेली एक मुलगी उपकुलसचिव पदावरून निवृत्त झाली, याचं शाळेला कौतुक आहे आणि मलाही त्याचा आनंद आहे. पण त्या खुर्चीत बसताना मी ज्यांना सतत डोळ्यांसमोर ठेवलं, त्यांची ओळख मला याच शाळेत झाली. म्हणून आधी रँग्लर परांजप्यांबद्दल लिहिते. माझं त्यात ओघाने येईलच.

दापोली तालुक्यातल्या मुलांना हे नाव नवीन नाही. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, जन्म १८७६, गाव मुर्डी. आमच्या वेळी कड्यावरच्या गणपतीला शाळेची सहल जायची. खाडी तरीने ओलांडायची, आंजर्ल्यात डबे खायचे आणि परत फिरायचं. गणिताचे सर मात्र आम्हाला मुद्दाम मुर्डीच्या वाटेने न्यायचे. नारळी-पोफळीच्या वाड्या, चिऱ्याचे गडगे, पाटाचं पाणी, म्हणजे आमच्याच गावासारखं गाव. तिथे एका गडग्याशी थांबून सर म्हणायचे, "बघून घ्या. इथला मुलगा १८९९ साली केंब्रिजला गणितात पहिला आला. सीनियर रँग्लर होणारा तो पहिला हिंदी माणूस." मग माझ्याकडे आणि दुसऱ्या दोघी-तिघींकडे वळून म्हणायचे, "आणि त्याची मुलगीसुद्धा केंब्रिजला जाऊन गणितच शिकली. हे लक्षात ठेवा."

त्या दुसऱ्या वाक्याने माझं आयुष्य बदललं. आठवीनंतर मुलींना गणित कशाला, असं उघड बोललं जाण्याचा तो काळ होता. आमच्याही घरी तसंच बोलणं होतं.

परांजप्यांबद्दल पुढे मिळेल ते वाचत गेले. मुरुडचे धोंडो केशव कर्वे त्यांचे नातलग. कर्व्यांनीच त्यांना आपल्या घरी ठेवून शिकवलं. हे तेच कर्वे, ज्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं आणि त्यापायी मुरुडकरांचा बहिष्कार सोसला. केंब्रिजहून परतल्यावर परांजप्यांना सरकारी शिक्षण खात्यात मोठा पगार सहज मिळाला असता. त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला वीस वर्षं अल्प वेतनावर देण्याचा शब्द दिला होता, तो पाळला. १९०२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू तेच. पुढे १९३२ ते ३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९५६ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, पुणे विद्यापीठाचे. एवढी पदं भूषवलेली माणसं आणखीही सापडतील. मला मोठं वाटतं ते त्यांचं घर. स्त्रियांनी शिकावं, संतती किती हे बाईने ठरवावं, माणसाने बुद्धीला पटेल तसं वागावं, हे ते बाहेर बोलत आणि घरातही तसेच वागत. मुलगी शकुंतला न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकली. तिने रशियन माणसाशी लग्न केलं, ते टिकलं नाही, ती लेकीला घेऊन माहेरी आली. त्या काळच्या पुण्यात याचा केवढा बोभाटा झाला असेल याची कल्पना करा. परांजप्यांनी मुलीला आधार दिला आणि नातीला मायेने वाढवलं. ती नात म्हणजे चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे. १९४४ मध्ये आजोबा हिंदुस्थानचे हायकमिशनर म्हणून ऑस्ट्रेलियाला गेले तेव्हा नात त्यांच्या घरीच होती. शकुंतलाबाईंनी धोंडो केशवांचे चिरंजीव र. धों. कर्व्यांच्या संततिनियमनाच्या कामाला वाहून घेतलं, त्यामागेही हे घर उभं होतं.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. १९०५ मध्ये परदेशी कापडाची होळी केली म्हणून सावरकरांना वसतिगृहातून काढलं, वर दहा रुपये दंड केला, तो याच प्राचार्यांनी. यावरून आमचे इतिहासाचे सर आणि गणिताचे सर एका मधल्या सुट्टीत कडकडून भांडल्याचं आम्ही व्हरांड्यातून ऐकलं आहे. इतिहासाचे सर म्हणत, "सरकारला घाबरले." गणिताचे सर म्हणत, "कॉलेज वाचवायचं होतं." मला इतिहासाच्या सरांचंच पटतं, तो दंड अन्यायाचाच होता. पण हेही खरं की निर्णय प्राचार्यांनी स्वतःच्या नावावर घेतला, कारकुनाच्या आड लपून घेतला नाही. नोकरीत सही करताना मला ते भांडण पुष्कळदा आठवे.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नियम आहे: जवळचा नातेवाईक परीक्षेला बसला असेल तर तसं लिहून द्यायचं आणि त्या वर्षी गोपनीय कामापासून दूर राहायचं. माझी मुलगी बी.एस्सी.ला बसली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात घोषणापत्र दिलं आणि पात्रता विभागात काम मागून घेतलं. निकालाच्या आदल्या रात्री मुलगी माझ्या मागेपुढे करत होती. मैत्रिणींना वाटत होतं, आईला ठाऊक असणारच. मी तिला सांगितलं, "मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं." ती रुसून न जेवता झोपली. माझे यजमान बँकेत होते, त्यांना हे आतून कळत होतं. तिला उठवून दहीभात त्यांनीच खाऊ घातला. आमच्या घरात स्वयंपाक, पोरीचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, सगळं आम्ही दोघांनी वाटून केलं. ते नसतं तर हिवाळी परीक्षेच्या दिवसांत रात्री नऊपर्यंत कचेरीत थांबणं मला जमलंच नसतं. माझ्या बढतीत अर्धा वाटा त्यांचा आहे, हे इथे छापून यावं अशी माझी इच्छा आहे.

पदवी प्रमाणपत्रासाठी वर्षानुवर्षांनी येणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. परीक्षा पास होऊन लग्न झालं, संसारात प्रमाणपत्र घ्यायचं राहून गेलं, आता अंगणवाडी सेविकेची किंवा शिक्षिकेची जागा निघाली म्हणून धावत आलेल्या. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, नाव बदलल्याचं राजपत्र जवळ नाही. खिडकीवर "नाव जुळत नाही" एवढं ऐकून त्या उठायला लागत. माझ्या विभागात मी पद्धत घालून दिली की अशा बाईला आधी खुर्ची द्यायची, मग काय कमी आहे ते एका कागदावर मराठीत लिहून द्यायचं, खाली सही आणि टेबलाचा नंबर. पुढच्या खेपेला त्या तो कागद घेऊन थेट त्या टेबलाशी येत, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागत नसे. हाताखालच्या लोकांना मी हुकूम काढून हे शिकवलं नाही. पहिले काही महिने खिडकीवर मीच बसले, मग ती पद्धत आपोआप त्यांची झाली.

गणिताचे सर आता नाहीत. त्यांच्या नावाने शाळेला एक ठेव द्यायची असं आम्हा त्या दोघी-तिघींचं ठरलं आहे. तिच्या व्याजातून अकरावीत गणित घेणाऱ्या मुलींना पुस्तकं मिळावीत. आणि मी दर मे-जूनमध्ये गावी असते. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्ती, नावातली दुरुस्ती, जातपडताळणीची कागदपत्रं, यातलं काहीही अडलं तर शाळेतल्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी सकाळी दहानंतर घरी यावं. सोबत मूळ कागद आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणाव्यात.