बरडच्या पुढची दुपार

आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत होता आणि त्यातच बायाबापड्या डुबक्या मारत होत्या. मीही ओंजळभर पाणी डोक्याला लावलं, तीर्थ म्हणून तोंडात घ्यायचं धाडस झालं नाही. पोटात कालवलं ते तसंच घेऊन निघाले. 2023 चा जून. पाऊस कोकणातच अडून बसलेला. वर्षभर रात्री उठून तापमानाचे, धरणांच्या साठ्याचे आकडे बघत बसायचे मी. झोप गेली होती. शेवटी बहिणीनेच दिंडीत नाव घातलं.

पुणे, दिवेघाट, सासवड, जेजुरी, नीरास्नान, चांदोबाचा लिंब. हे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. आठवतो तो टँकरपुढचा गोंधळ आणि माझा राग. प्लास्टिकचे ग्लास पायाखाली करकर वाजायचे, अन्नदानाच्या मांडवापुढे थर्माकोलच्या ताटल्यांचा खच. "माउलींच्या नावाने हे कसं चालतं?" असं मी विणेकरीबुवांना विचारलंच. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या सकाळी मात्र आमच्या दिंडीच्या ट्रकमधून स्टीलचे पेले निघाले.

बरड सोडलं त्या दिवशी दुपारी माझा डावा पाय टेकेना. पालखी मार्ग रुंद झालाय, काँक्रीटचा. पूर्वी ज्या वडांखाली दिंड्या टेकायच्या त्यातले कितीतरी रुंदीकरणात गेले. खालून भट्टी, वरून ऊन, सावली म्हणून नाही. टाळ वाजत होते आणि मला ते कानात खुपत होते. रांग सोडून मी एका बांधावरच्या लिंबाखाली बसले आणि रडले. फोडासाठी रडले की वडांसाठी, मला सांगता यायचं नाही.

"काय झालं माय?" परभणीकडच्या एक मावशी माझ्यामागे आल्या होत्या. त्यांनी माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मी संकोचून ओढून घेतला, त्यांनी परत घेतला. बटव्यातून सुई काढली, दोरा तेलात भिजवला, वर हळद. फोडाच्या एका कडेने सुई घातली आणि दुसऱ्या कडेने अलगद काढली, दोरा आत तसाच ठेवून. "ओढू नको. पाणी आपोआप झिरपतं. कातडं फाडलं की संपलं." दुखलं नाही. दोऱ्याच्या टोकाशी एक थेंब जमला, मग दुसरा.

पाणी झिरपेपर्यंत मावशी खाली पडलेल्या पिवळ्या लिंबोळ्या वेचत होत्या. कपाशीवर फवारायला निंबोळी अर्क करतात त्या.

"पेरणी?"

"ढगच न्हाई, तर कशाची पेरणी. पोरगं हाय घरी."

"भीती नाही वाटत?"

"वाटती की. म्हणून तर चालायचं. घरी एकटं बसून लई वाटती."

मग त्यांनी मूठभर लिंबोळ्या माझ्या पदराला बांधल्या. "लवकर मातीत घाल, शिळं बी उगवत न्हाई." त्यांनी हात दिला. आमची दिंडी पुढे गेली होती, दुसऱ्याच कुठल्या दिंडीने आम्हाला रांगेत घेतलं. संध्याकाळच्या हरिपाठाला मी सगळ्यांत मोठ्याने म्हणत होते.

पंढरपुरात कळसाचं दर्शन घेतलं. पावसाने तोवर मुंबई गाठली होती.

ऑगस्ट पार कोरडा गेला, 1901 पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. मी पुन्हा रात्री उठू लागले, पण आता सकाळ झाली की मावशींना फोन करायचे. सोयाबीन माना टाकतंय, त्या म्हणाल्या. मग लगेच, "लिंबोळ्यांचं काय झालं?"

"अकरा उगवल्या. तीन जगल्यात."

"एक घेऊन ये वारीला. बांधावर लावू." मागून कुणीतरी ओरडलं, लाइट आली. मोटर चालू करायला त्या फोन तसाच टाकून धावल्या.