कमिटीत कोण हवं?

पास्टोरेट कमिटीची, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीची निवडणूक जवळ आली की आमच्याकडे रविवारची भक्ती सुटल्यावर चर्चच्या आवारात घोळके जमतात. कोण उभं राहणार, कोणाचं घराणं जुनं, माइकवर कोण चांगलं बोलतं. यंदा मला उमेदवाराला एकच विचारायचंय: सोमवार ते शनिवार तुम्ही कोणाच्या उपयोगी पडता?

दिवा दिवठणीवर ठेवला की घरातल्या सगळ्यांना उजेड मिळतो, असं प्रभू येशू बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात म्हणतो. आपलं घर हे अख्खं सोलापूर आहे, नुसती चर्चची मंडळी नव्हे.

आमच्यातले एक काका कारकुनीतून निवृत्त झालेत. नोव्हेंबरात त्यांच्या ओट्यावर विडी कामगार बायकांची रांग लागते. बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या, चर्चची पायरीही न चढलेल्या. पीएफची पेन्शन चालू राहायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून ही पेन्शन किमान १००० रुपये आहे. रक्कम एवढीशीच, पण ती अडकली की आधी गोळ्या-औषधं बंद होतात. जन्मभर पानं कापून, विड्या वळून बोटांचे ठसे झिजलेले. मशीन अंगठा ओळखतच नाही. मग काका मोबाइलवर चेहऱ्याचा फोटो घेऊन दाखला काढतात. आजी कॅमेऱ्यापुढे अंग चोरून बसते, पापणी हलवत नाही. काका मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगतात, डोळे मिटा, आता उघडा. जमेपर्यंत सांगत राहतात, आवाज चढत नाही. पैसे तर घेतच नाहीत.

पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी मुलींना तिथे आणलं, शिकवलं, हाताला काम दिलं. पुढे त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात मुलींनी छापलं. नेतृत्व म्हटलं की माझ्यासमोर त्या येतात.

'काका करतात ते समाजकार्य झालं, यात साक्ष, म्हणजे ख्रिस्तावरच्या विश्वासाची ग्वाही, कुठे?' असं मला आमच्याच लोकांनी विचारलंय. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही असंच करा म्हणाला. काका रोज पहाटे प्रार्थना करून मगच ओट्यावर बसतात. मला तरी यात साक्ष स्वच्छ दिसते.

कमिटीसाठी उभे राहा, म्हणून मी त्यांना गळ घातली. म्हणाले, "माझं नाव राहू दे गं. चर्चचा हॉल मिळतो का बघ. ओट्यावर दहानंतर ऊन येतं, बाया उन्हात बसतात."

तर वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे: नोव्हेंबरभर सकाळी हॉल उघडा ठेवायचा, खुर्च्या आणि प्यायचं पाणी ठेवायचं, आणि तेलुगू येणारी आपली दोन-तीन तरुण मुलं काकांच्या हाताखाली द्यायची. अनुमोदन कोण देणार, आधी कळवा.