एपोई लिस्टमध्ये नव्हताच

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी ताळगावला एका लॅबमध्ये बायोइन्फर्मेटिक्स करते, म्हणजे पेशंट नाहीत, स्लाइडी नाहीत, जगभरच्या लॅबनी मोकळा ठेवलेला डेटा उतरवायचा आणि चाळत बसायचं. आमच्याकडे पेडण्याची एक एमएस्सीची मुलगी अल्झायमरवर प्रोजेक्ट करत होती. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंमधलं जीन एक्सप्रेशन, म्हणजे कुठला जीन किती चालू आहे ते, आजार असलेले आणि नसलेले. पोरगी एकदम काटेकोर, एक्झिस्ट हा जीन बघून सॅम्पलची स्त्री-पुरुष लेबलंसुद्धा तपासलेली (हा बायकांमध्येच जोरात चालू असतो, पुरुषाच्या सॅम्पलमध्ये दिसला तर कुठेतरी अदलाबदल झालीय).

त्या दिवशी सकाळी रिझल्ट आला, आजारात बदललेल्या जीनची लिस्ट. शेकडो जीन खाली, शेकडो वर. सायनॅप्सचे (न्यूरॉन म्हणजे चेतापेशी, त्यांच्यातल्या जोडांचे) स्नॅप-25 वगैरे खाली, अ‍ॅस्ट्रोसाइटचा जीएफएपी वर (या पेशी न्यूरॉनला सांभाळतात), म्हणजे पुस्तकात असतं अगदी तसंच. तरी ती गप्प. मी विचारलं काय झालं गो, तर म्हणाली, "मॅडम, एपोई लिस्टमध्ये नाहीच."

आता हे खटकण्यासारखंच आहे. क्रोमोसोम 19 वरचा एपोई म्हणजे उतारवयातल्या अल्झायमरचा सगळ्यात मोठा जनुकीय धोका, 1993 पासून माहीत असलेला. त्याचं प्रोटीन 299 अमिनो आम्लांचं, आणि साधा ई-3 आणि धोक्याचा ई-4 या प्रकारांत फरक फक्त एका जागेचा, ई-4 मध्ये 112 नंबरला सिस्टीनच्या ऐवजी आर्जिनिन, बस. एवढ्याशा फरकाने माणसाचं म्हातारपण बदलू शकतं हे मला अजूनही थक्क करतं. मी तिला सांगितलं की धोका जीनच्या अक्षरांवरून येतो, तो किती चालतोय हा वेगळा प्रश्न. हे खरं आहे, पण तिचं समाधान झालं नाही आणि माझंही पूर्ण झालं नाही.

दुपारी ओळखीचे एक न्यूरॉलॉजिस्ट आलेले. कँटीनमध्ये पातळ भाजी-पाव खाता खाता तिने त्यांना लॅपटॉपवर ग्राफ दाखवला. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "पण बाळा, या पेशंटच्या तुकड्यात न्यूरॉन उरलेत किती?"

हाच तर मुद्दा! अल्झायमरमध्ये न्यूरॉन मरतात. तुकडा अख्खा विरघळवून मोजलात तर न्यूरॉनचे जीन कमी दिसणारच, उरलेल्या न्यूरॉनमध्ये काहीही बदललं नसलं तरी. खतखत्याचा नुसता रस चाखून जीन मोजतो आम्ही, नीरफणस किती आणि सुरण किती ते त्यात कळत नाही.

मग आम्ही मार्कर जीनवरून (ज्यांच्यावरून पेशीचा प्रकार ओळखता येतो असे जीन) प्रत्येक सॅम्पलमधलं पेशींचं प्रमाण अंदाजलं आणि ते मॉडेलमध्ये घालून परत चालवलं. मध्येच लाइट गेली, यूपीएस ओरडायला लागला, तरी ती जागची हलली नाही. लिस्ट भराभर आटली, स्नॅप-25 गेला, सायनॅप्सवाले बहुतेक गेले. तिला वाईट वाटलं असेल असं मला वाटलं, पण ती उलट तरतरीत झाली आणि म्हणाली की आता एकेक पेशी वेगळी करून मोजलेला डेटाच बघूया. 2019 मध्ये एंटोरायनल कॉर्टेक्सचा असा अभ्यास आलाय, स्मृतीच्या कामातला महत्त्वाचा भाग, आजाराचा मार लवकर खाणारा. त्यात एपोई सापडला! काही अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये तो खाली गेलेला आणि मायक्रोग्लियाच्या, म्हणजे मेंदूतल्या साफसफाई करणाऱ्या संरक्षक पेशींच्या, एका गटात वर. अख्ख्या तुकड्याच्या सरासरीत अशी चढ-उतार एकमेकींना खाऊन टाकू शकते, मग लिस्टमध्ये येणार कुठून?

रात्री डॉक्टरांना फोन करून सांगितलं तर त्यांनी लगेच पुढचं विचारलं, मायक्रोग्लियात वाढतो तो अमायलॉइड (या आजारात मेंदूत साचणारं प्रोटीन) साफ करायला की त्यानेच बिघडतं? याचं उत्तर एक्सप्रेशनच्या आकड्यांतून निघत नाही, ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण दिशा मिळते. मायक्रोग्लियाच्या पृष्ठभागावरचा ट्रेम-2 हा रिसेप्टर, त्याचा आर-47-एच हा दुर्मिळ बदल धोका वाढवतो हे 2012 मध्ये समोर आलं, आणि एपोई त्याच ट्रेम-2 ला चिकटतो. म्हणून आता तिचा प्रोजेक्ट फक्त मायक्रोग्लियावर चाललाय, ई-4 असलेले आणि नसलेले वेगळे काढून.