खाडा पडल्यावर परत येणारे

मी प्रौढांना पोहायला शिकवते. तिशी-चाळिशीतली, क्वचित साठी उलटलेली माणसं येतात आणि बहुतेक सगळे एकच सांगतात: खोल बाजूला न घाबरता एक फेरी मारायची आहे. यातलं कोण शिकेल, ते अंगापिंडावरून कळत नाही. जिद्दीवरूनही कळत नाही, हे मात्र लोकांना पटत नाही.

नुसती जिद्द पाण्यात लगेच दिसते. माणूस दात-ओठ खाऊन हात मारतो, श्वास कोंडून धरतो, मान वर काढतो. मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात. मग तो आणखी जोर लावतो आणि आणखी दमतो. अशा वेळी काठ धरून ‘माझं नेमकं कुठे चुकतंय?’ असं विचारणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो. पन्नाशीत, लहान मुलांच्या शेजारी, उथळ पाण्यात फ्लोट धरून नुसती किक मारत राहायला धैर्य लागतं. लोक त्याला धैर्य म्हणत नाहीत, मी म्हणते.

पण माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुण वेगळाच आहे. खाडा पडल्यावर परत येणं. आजारपण येतं, कामाचा ताण येतो, आठवडा बुडतो. त्यानंतर काहीजण केवळ संकोचापायी येत नाहीत. ‘आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल’ असं त्यांनी मनात ठरवून टाकलेलं असतं. खरं तर शरीर इतक्या लवकर विसरत नाही.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, पण माणसागणिक हा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलतो, असं त्यांना आढळलं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते.

शास्त्रज्ञ कातालिन कारिको यांचंही उदाहरण देते. १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. त्या एमआरएनएवरच, म्हणजे पेशींना प्रथिनं बनवायची सूचना पोचवणाऱ्या रेणूवरच, काम करत राहिल्या. सहकारी ड्रू वाइसमन यांच्याबरोबरचा त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध २००५ मध्ये आला आणि नोबेल २०२३ मध्ये. पद गेल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाताना त्यांना काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार करते.

मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी ‘अमुक झालं, तर मी तमुक करीन’ असं आधीच ठरवून ठेवण्याचा फायदा दाखवून दिला आहे. म्हणून हल्ली पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाकडून लिहून घेते: खाडा पडला, तर परत कशी येईन? बहुतेकजण वार आणि वेळ लिहितात. एका बाईंनी लिहिलं, ‘मुलगी सोबत असेल तर येईन.’ मुलीला विचारलं, तर तिलाही पोहता येत नव्हतं. आता दोघी एकाच बॅचला आहेत, आणि एकीला कंटाळा आला की दुसरी तिला ओढून आणते.